छोटी टाकी आहे, म्हणूनच झाडं हवीत

फिश टँक घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानात एक सल्ला हमखास मिळतो. दीड फुटी टाकी पसंत झालेली असते, मुलांनी काचेवर बोट ठेवून मासे निवडलेले असतात आणि कुणीतरी विचारतं, ‘यात खरी झाडं नाही का लावता येणार?’ उत्तर ठरलेलं असतं. ‘एवढ्या छोट्या टाकीत त्या भानगडीत पडू नका. झाडं कुजतात, पाणी घाण होतं. लाकूड तर नकोच, पाणी पिवळं पडतं. प्लास्टिकची न्या, धुतली की पुन्हा नवी.’ मग निळी-गुलाबी खडी, दोन हिरवीजर्द प्लास्टिकची झुडपं आणि बुडबुडे सोडणारी एखादी मूर्ती असा संसार घरी येतो. सोसायटीतले जाणते लोकही हेच सांगतात. घरोघरी पोचलेला हा सल्ला मुळातच चुकीचा आहे, आणि त्याचे भोग माशांच्या वाट्याला येतात.

सल्ला देणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. गिऱ्हाईक आठवड्याभरात तक्रार घेऊन परत येऊ नये, एवढंच दुकानदाराला हवं असतं. पण त्याचं गृहीतक तपासायला हवं. टाकी जितकी लहान तितकी ती साधी ठेवावी, झाडं आणि लाकूड हे मोठ्या टाकीवाल्यांचे शौक, असं हे गृहीतक आहे. पाण्यात प्रत्यक्ष जे घडतं ते याच्या उलट आहे.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. न खाल्लेलं खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. दीड बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत हिशेबानं 42 लिटर पाणी मावतं. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली की 35 लिटरच्या आसपास उरतं. टेबलावरच्या गोल काचेच्या भांड्यात 4-5 लिटर. एकाच माशाची घाण टाकीपेक्षा भांड्यात निदान सातपट दाट होते. मोठ्या तलावात जी चूक पचून जाते, ती इथे एका रात्रीत जीव घेते. पाणी जितकं कमी, तितकी घाण शोषून घेणाऱ्या कुणाची तरी गरज जास्त, हे उघड आहे. असं असताना ती गरज भागवणारी वनस्पतीच आपण छोट्या टाकीत वर्ज्य ठरवतो.

‘त्यासाठी फिल्टर आहे की’, असं यावर म्हटलं जातं. फिल्टर म्हणजे काय, ते बघू. त्यातल्या स्पंजवर आणि टाकीतल्या प्रत्येक पृष्ठभागावर नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू वाढतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात. मग नायट्रोस्पायरासारखे दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्राइटही माशांना विषारी, नायट्रेट त्या मानानं सौम्य. ही साखळी नव्या टाकीत बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टाकी मात्र शनिवारी लागते आणि मासे त्याच संध्याकाळी पडतात. मधल्या काळात अमोनिया घेणार कोण? वनस्पती घेतात. पहिल्या दिवसापासून घेतात. डायना वॉलस्टॅड यांनी 1999 साली प्रसिद्ध झालेल्या, झाडं लावलेल्या टाक्यांवरच्या त्यांच्या पुस्तकात हा मुद्दा सविस्तर मांडला आहे, की बहुतेक पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम, म्हणजे अमोनियाचंच पाण्यातलं रूप, पसंत करतात. शिवाय पानांवर आणि लाकडाच्या खरबरीत अंगावर त्याच उपयोगी जिवाणूंना घर मिळतं. प्लास्टिकच्या पानावरही जिवाणू वाढतात, हे मान्य; पण ते पान स्वतः काही शोषत नाही, आणि दर रविवारी आपण ते नळाखाली घासून त्यावरचे जिवाणूही धुऊन टाकतो.

ही रविवारची धुलाई म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला. टाकी रिकामी करायची, मासे बादलीत, खडी बेसिनमध्ये, सगळं चकाचक, आणि वर क्लोरीनचं ताजं नळाचं पाणी. दुसऱ्या दिवशी एक मासा तरंगतो. आणि मग आपल्याकडे एक वाक्य येतं, जे ऐकून मला दरवेळी वाईट वाटतं: ‘घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं.’ वास्तूच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या टाक्यांमध्ये हा समज फारच पक्का आहे. घरातल्या कुणाचं काहीही त्या माशानं घेतलेलं नसतं. तो त्याच्याच भोवतीच्या अमोनियानं आणि क्लोरीननं मेलेला असतो. या समजामुळे मासा का मेला हे कुणी विचारत नाही, त्याच्या जागी नवा आणतात, आणि तोही जातो.

आपल्याकडचा आणखी एक संदर्भ इथे महत्त्वाचा आहे, तो म्हणजे वीज. तालुक्याच्या गावी दुपारभर वीज गेली की फिल्टर बंद, आणि त्यातले ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू गुदमरू लागतात. खिडकीतून येणाऱ्या उजेडात व्हॅलिसची (व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीची) पानं मात्र त्या वेळीही आपलं काम करत असतात. भारनियमन सोसलेल्या प्रदेशात फक्त यंत्रावर चालणारी टाकी सुचवणं मला समजत नाही.

‘खरी झाडं म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, महागडे दिवे, खास माती’ हा दुसरा आक्षेप. याचं मूळ शोधता येतं. जपानचे मत्स्यालय-रचनाकार ताकाशी अमानो (1954-2015) यांनी 1982 मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि पुढे त्यांच्या ‘नेचर अॅक्वेरियम’ शैलीची छायाचित्रं जगभर गेली. गालिच्यासारखी बुटकी हिरवळ, कातळ, लाल पानांची झुडपं. त्या बागांना भरपूर उजेड आणि कार्बन डायऑक्साइड लागतो, यात वाद नाही. अमानोंचं काम थोर आहे. पण ते पाहून ‘पाण्यातली झाडं म्हणजे हेच’ असं ठरवणं म्हणजे बोन्सायचं प्रदर्शन पाहून दारात तुळस लावायला घाबरणं.

सिलिंडर आणि विजेच्या दिव्यांच्या कितीतरी आधी टाकीत झाडं होती. लंडनमधले रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1850 साली आपला प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या पात्रात त्यांनी दोन लहान गोल्डफिश ठेवले आणि सोबत व्हॅलिस्नेरियाचं झाड लावलं. मासे ठीक होते, पण झाडाची जुनी पानं कुजून पाणी गढूळ व्हायला लागलं. वॉरिंग्टननी झाड उपटून टाकलं नाही. त्यांनी पाण्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. गोगलगाईंनी कुजकी पानं आणि शेवाळ खाल्लं, त्यांची अंडी-पिल्लं माशांनी खाल्ली, आणि पात्र स्थिरावलं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातलं मत्स्यालय 1853 साली उघडलं, ते याच समजुतीच्या पायावर: मासा, वनस्पती आणि सफाई करणारे लहान जीव एकमेकांना धरून राहतात. म्हणजे आजच्या मत्स्यालयाचा हा छंद जन्मला तोच झाडासह. प्लास्टिक फार नंतर आलं. आणि वॉरिंग्टन यांचं ते झाड आपल्या नद्या-तळ्यांतही सहज उगवणाऱ्या कुळातलं आहे. आज दुकानात चार गोगलगाई दिसल्या तरी गिऱ्हाईक घाबरतं. खाद्य मोजकं घातलं तर त्या वाढत नाहीत, आणि वाढल्या तर खाद्य जास्त होतंय एवढाच त्याचा अर्थ.

कमी उजेडात, नुसत्या साध्या एलईडीखाली रोज सहा-आठ तासांत जगणारी झाडं भरपूर आहेत. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली अनुबियास, आग्नेय आशियातलं जावा फर्न, जावा मॉस, श्रीलंकेतली क्रिप्टोकोरीन वेंटी. क्रिप्टोकोरीनच्या काही जाती तर आपल्या कोकणातल्या ओढ्यांच्या काठी वाढतात. दुकानात बकोपा म्हणून मिळणाऱ्यांतली एक तर आपली ब्राह्मीच. हॉर्नवर्टला मुळंच नसतात. पाण्यात सोडून द्या, तरंगत वाढते. आणि सगळ्यात सोपं झाड तर विकतही आणावं लागत नाही. खिडकीत बाटलीत ठेवलेल्या मनीप्लांटची एक काडी टाकीच्या मागच्या कडेला अशी अडकवा, की मुळं पाण्यात आणि पानं बाहेर राहतील. पाण्यात कार्बन डायऑक्साइड हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजारपट हळू पसरतो, त्यामुळे बुडालेल्या झाडाची वाढ मंदावते. मनीप्लांट तो थेट हवेतून घेतं आणि मुळांनी टाकीतलं नायट्रेट ओढत राहतं. यात सिलिंडर कुठे आला?

‘झाडं रात्री ऑक्सिजन खातात, मासे गुदमरतील’ हा आक्षेप शाळेत शिकलेल्या अर्ध्या धड्यातून येतो. झाडं रात्री ऑक्सिजन घेतात हे खरं. मासे आणि जिवाणू तो चोवीस तास घेतात. 25 अंश सेल्सिअसला पाणी लिटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन धरू शकतं, 30 अंशाला सुमारे 7.5. उन्हाळ्यात ही घट मोठी असते. हळू वाढणाऱ्या चार-पाच अनुबियास त्यातून जे घेतात ते दाटीवाटीनं कोंबलेल्या माशांपुढे नगण्य आहे. पाण्यात ऑक्सिजन मुख्यतः पृष्ठभाग हलल्यानं मिसळतो, आणि आवाज होतो म्हणून रात्री पंप बंद करणारी घरं पुष्कळ आहेत. सकाळी मासे वर तोंड काढून धापा टाकताना दिसले तर आधी पंप आणि माशांची संख्या बघा. तळ्यात शेवाळाची साय धरते तेव्हा पहाटे ऑक्सिजन घसरून मासे मरतात; ती परिस्थिती खरी, पण ती वेगळी.

आता लाकूड. ‘लाकूड कुजतं’ हे वाक्य ओल्या सरपणाला लागू आहे, नीट वाळलेल्या टणक लाकडाला नाही. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ऑक्सिजन लागतो, आणि बुडालेल्या लाकडाच्या आत तो फारसा पोचत नाही. आपल्याकडे विहिरीच्या बांधकामात जांभळाचं लाकूड वापरायची रीत होती, ती ते पाण्यात टिकतं म्हणूनच. टाकीसाठी घ्यायचा तुकडा जुना, कोरडा, साल निघालेला असावा. अंगठ्याचं नख दाबून बघावं. भुसभुशीत लागला तर टाकून द्यावा. चीक असलेली झाडं, राळ असलेलं पाईनसारखं लाकूड, प्लायवूड आणि रंग किंवा वाळवीचं औषध लावलेला कुठलाही तुकडा नको. साबण न लावता ब्रशनं घासावं, मावत असेल तर उकळावं, आणि बादलीत बुडवून ठेवावं. सुरुवातीला ते तरंगतं, कारण त्याच्या पोकळ्यांत हवा असते. आठवडा-दोन आठवड्यांत, जाड असेल तर त्याहून उशिरा, ते आपणहून तळाला जातं.

टाकीत ठेवल्यावर पहिल्या काही दिवसांत त्यावर पांढरट, कापसासारखा बुळबुळीत थर येतो. इथे बहुतेकांचा धीर सुटतो आणि लाकूड कचऱ्यात जातं. हा थर म्हणजे लाकडातली उरलीसुरली साखर खाणारी बुरशी आणि जिवाणू. माशांना त्यानं काही होत नाही. कोळंबी आणि गोगलगाई तो आवडीनं खातात. काही आठवड्यांत अन्न संपतं आणि थर जातो. नंतर त्या लाकडाच्या खाचेत अनुबियासची गाठाळ खोडमुळी ठेवून काळ्या दोऱ्याचे तीन-चार वेढे घ्यावेत. मुळं दोन-तीन महिन्यांत लाकडाला घट्ट धरतात आणि दोरा कापला तरी झाड हलत नाही. खोडमुळी खडीत पुरली तर ती नक्की कुजते. ‘अनुबियास लावली, मेली’ अशा कित्येक तक्रारींचं कारण एवढंच असतं, आणि हे दुकानात कुणी सांगत नाही.

पिवळ्या पाण्याबद्दल. लाकडातलं टॅनिन पाण्यात उतरतं आणि पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं. त्याला घाण म्हणणं हा गैरसमज आहे. दक्षिण अमेरिकेतल्या रिओ नेग्रो नदीचं पाणी याहून कितीतरी गडद असतं, आणि दुकानात ज्याला आपण लाल-निळी रेघ पाहून हौसेनं उचलतो तो कार्डिनल टेट्रा त्याच पाण्यातला. ब्राझीलच्या बार्सेलोस गावाभोवती तो आजही पकडला जातो. मुंबईच्या तलावांचं पाणी मऊ आहे, त्यात लाकडानं सामू (pH) थोडा खाली येतो. बोअरवेलच्या जड पाण्यात तेवढाही फरक पडत नाही. आणि सामू खाली येणं नव्या टाकीत उपकारकच आहे: तो 8 वरून 7 वर आला तर अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापटीनं घटतो. रंग नकोच असेल तर लाकूड जास्त दिवस भिजवावं, पाणी बदलत राहावं, फिल्टरमध्ये कार्बन घालावा. उलट, असंच पाणी व्हावं म्हणून जगभर फायटर माशाचे शौकीन देशी बदामाची वाळकी पानं विकत घेऊन त्यात मुद्दाम घालतात. आपल्या रस्त्यांवर ती लाल होऊन फुकट गळतात आणि झाडून जाळली जातात.

फायटरचा विषय निघाला म्हणून सगळ्यात चलाख युक्तिवादाकडे येतो. ‘हे मासे फार्ममध्ये जन्मलेले. त्यांच्या कित्येक पिढ्यांनी नदी पाहिलेली नाही. त्यांना लाकूड काय आणि प्लास्टिक काय!’ आणि फायटरबद्दल खास: ‘तो डबक्यात राहतो, त्याला वाटीभर पाणी पुरतं.’ फायटर मूळचा थायलंडकडच्या भातखाचरांतला आणि दलदलीतला. ते पाणी उथळ असतं, पण दूरवर पसरलेलं असतं आणि झाडोऱ्यानं गच्च भरलेलं असतं. त्याला हवेतून श्वास घेता येतो म्हणून तो वाटीत मरत नाही. मरत नाही म्हणजे बरा आहे असं होत नाही. फार्ममध्ये जन्मलेला नर आजही तरंगत्या पानाखाली बुडबुड्यांचं घरटं बांधतो. पिढ्यान् पिढ्या काचेत काढूनही त्याच्या अंगातली ही गोष्ट गेलेली नाही. त्याला पृष्ठभागाजवळ अनुबियासचं रुंद पान द्या, तो त्यावर टेकून विसावतो. प्लास्टिकच्या झुडपाच्या धारदार कडांनी त्याचे लांब पर फाटतात, आणि फाटलेल्या परांत संसर्ग शिरतो. शंका असेल तर ते झुडूप एखाद्या जुन्या नायलॉनच्या मोज्यावरून ओढून बघा; मोज्याचा धागा निघाला तर पर काय टिकणार?

कोकणातला एखादा व्हाळ (ओढा) जवळून पाहिला तरी हे कळतं. उघड्या वाळूवर मासे क्वचितच थांबतात. काठच्या झाडाची मुळं पाण्यात उतरलेली असतात, तळाशी कुजक्या पानांचा थर असतो, आणि चाहूल लागली की डोक्यावर चमकता ठिपका असलेले छोटे मासे त्या मुळांच्या जाळीत शिरतात. लपायला जागा आहे हे माहीत असलेला मासा बाहेर जास्त वावरतो. पांढऱ्याशुभ्र खडीवर, चारी बाजूंनी उजेडात ठेवलेला निऑन टेट्रा मात्र रंग सोडतो आणि कोपऱ्यात दबून राहतो. तो ‘शांत’ आहे असं आपण समजतो.

‘आम्ही लावली होती, सगळी विरघळली’ असं सांगणाऱ्यांचा अनुभव खोटा नाही. विक्रीची कितीतरी झाडं पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. बुडवल्यावर हवेसाठी बनलेली ती पानं पिवळी पडून गळतात. क्रिप्टोकोरीन तर जागा बदलली, पाणी बदललं तरी सगळी पानं टाकते. टाकीत अक्षरशः पानांचा लगदा होतो. पण मुळं जिवंत असतात. कुजकी पानं कात्रीनं काढावीत, झाड हलवू नये, आणि काही आठवड्यांत आधीपेक्षा पातळ, अरुंद, पाण्यासाठी बनलेली पानं फुटतात. लोक ती फुटण्याआधीच झाड उपटतात आणि ‘खरी झाडं टिकत नाहीत’ हा अनुभव पुढच्या दहा जणांना सांगतात. दुकानदारानं विकताना ही दोन वाक्यं सांगितली तर निम्मी तक्रार मिटेल. गोल्डफिशच्या टाकीत झाडं टिकणं मात्र खरोखर अवघड आहे, तो ती खातो आणि उपटतो. पण तो छोट्या टाकीचा मासाच नव्हे. ‘टाकी साफ ठेवेल’ म्हणून दिला जाणारा सकरही नव्हे, तो फूटभराहून मोठा होतो.

खऱ्या झाडांविरुद्धचा एकच आक्षेप मला गंभीर वाटतो, आणि तो दुकानात कधीच ऐकू येत नाही. ही झाडं टाकीबाहेर गेली तर? जलपर्णी शोभेचं झाड म्हणूनच भारतात आली आणि आज पवईच्या तलावापासून मुळा-मुठेपर्यंत तिनं काय केलं ते आपण बघतो. टाकीत लावला जाणारा कॅबोम्बा केरळच्या पाणवठ्यांत गुलाबी फुलांची चादर पसरून बसला आहे. आपल्या भागातली हायग्रोफिला पॉलिस्पर्मा अमेरिकेत जाऊन तिथे तण ठरली. याची उलट बाजूही आहे: हौशी लोक सड्यांवरून, झऱ्यांतून झाडं उपटून आणतात. कासच्या पठारावरचा वायतुरा सह्याद्रीखेरीज जगात कुठे उगवत नाही. त्याला हात लावायचं कारण नाही. म्हणून विकत घेतलेली, रोपवाटिकेत वाढलेली झाडंच लावावीत. छाटलेली व्हॅलिस, हॉर्नवर्ट, मॉस ओढ्यात, तलावात किंवा गणपतीच्या विसर्जनाच्या कुंडात कधीही टाकू नये, संडासात फ्लशही करू नये. गच्चीवर उन्हात खडखडीत वाळवून कुंडीच्या मातीत मिसळावी. झाड विकणाऱ्या प्रत्येक दुकानात ही सूचना पिशवीसोबत द्यायला हवी, आणि ती देत नाही त्या दुकानदाराकडे गिऱ्हाइकानं ती मागायला हवी.